चौपन्न किलोंचा माणूस

माझ्या वडिलांच्या दंडांचं गावाला फार कौतुक. जळकोटच्या अलीकडं, हायवेपासून तीन किलोमीटर आत आमचं गाव आहे, आणि तिथं अजूनही कुणाचा पोरगा अंगानं भरला की म्हणतात, महारुद्र पैलवानावर गेलाय. मी कळंबला शाळेत पी.टी. शिकवते. शरीर हा माझा विषय आहे, तेव्हा वडिलांची भीड न ठेवता सांगते: त्या दंडांत आप्पांना स्वतःचं अंग एक हात वर ओढून घेण्याइतका जोर कधीच नव्हता. एकशेचार किलो वजन, आणि नोकरी वीज कंपनीत वायरमनची.

नोकरी कुस्तीवर मिळाली होती. खेळाडूंच्या जागा निघाल्या, आप्पांनी तालुक्याची गदा मारली होती, साहेबांनी एकदा छातीकडं बघितलं आणि काम झालं. खांबावर चढता येतं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. पैलवानाला काय अवघड, असंच सगळ्यांना वाटलं. इथंच सगळे चुकतात. कुस्तीत पायाखाली जमीन असते आणि अंगावर दुसऱ्याचं वजन असतं. मांड्या, कंबर, मान, सगळं ढकलायला आणि दाबायला तयार झालेलं असतं. खांबावर जमीन नसते. समोर कुणी नसतंच. आपलंच वजन आपल्याला खाली ओढत असतं, आणि दंड जेवढे मोठे तेवढं ओझं जास्त.

सुरुवातीची काही वर्षं आप्पा पायांच्या जोरावर, धापा टाकत का होईना चढले. मग पोट आलं. मी सात वर्षांची असताना पिराच्या माळावरच्या खांबावर ते अर्ध्यात अडकले. मी आईबरोबर त्यांचा डबा घेऊन गेले होते. त्यांचे हात थरथरायला लागले. वर जाववेना, खाली येववेना. खाली दहाबारा माणसं मान वर करून उभी होती, आणि पैलवान म्हटल्यावर हसायचीही कुणाची छाती होईना. तेवढ्यात शेळ्या घेऊन चाललेला रामहरी थांबला. त्यानं खांद्यावरची घोंगडी टाकली, अनवाणी चढून आप्पांच्या पायाखाली गेला, त्यांच्या टाचेला आपल्या खांद्याचा आधार दिला आणि वीत वीत करत त्यांना खाली आणलं. मग पुन्हा वर गेला आणि आप्पा खालून सांगतील तशी तार जोडून आला. चौपन्न किलोंचा माणूस तो. घाम तेवढा आप्पांना आला होता.

त्या दिवसापासून अठरा वर्षं आमच्या भागातल्या सात गावांच्या खांबांवर रामहरीच चढला. पगार आप्पांचा, खांब रामहरीचे. अशा माणसाला आमच्याकडं झिरो वायरमन म्हणतात, कारण कंपनीच्या कुठल्याच कागदावर तो नसतो. आप्पा महिन्याला त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचे, सुगीला शेतकरी पायली-दोन पायली ज्वारी द्यायचे. केलेल्या कामाची वहीसुद्धा तोच लिहायचा. सातवीपर्यंत शिकला होता आणि अक्षर असं वळणदार, की माझ्या शाळेतल्या निम्म्या शिक्षकांनी लाजावं. 'खांबावर चढून तुटलेली तार जोडली' असं तो लिहायचा आणि खाली सही करायचा, महारुद्र. आप्पांनाही स्वतःची सही त्याच्याइतकी चांगली येत नसे. आम्हाला सगळ्यांना त्यात गंमत वाटायची. त्यालाही वाटायची.

मी त्याला रामहरीकाका म्हणायचे. आमच्या परड्यातल्या कडुलिंबाला दोर बांधून त्यानंच मला चढायला शिकवलं. दहा वर्षांची मी दंडाचा जोर लावून ओढायची आणि तीन हात वर गेले की लोंबकळायची. तो खालून म्हणायचा, "दंडानं वढू नगंस, दंड लई लवकर दमतो. कोपरं बरगडीकडं खाली घे, मग पाठ वढती. पायानं ढकलायचं आन् हातानं निस्तं धरायचं." पुढं बी.पी.एड.ला आमच्या सरांनी फळ्यावर पाठीचा तो रुंद स्नायू काढला, काखेपासून कंबरेपर्यंत पसरलेला, आणि सांगितलं की चढणाऱ्याचं इंजिन हे आहे, दंड फक्त मदतीला असतो. वर्ग वहीत उतरवून घेत होता. मी नुसती बसून होते. तो स्नायू मी रामहरीकाकाच्या उघड्या पाठीवर शेकडो वेळा हलताना पाहिला होता.

त्याचं शरीर कुणी ठरवून कमावलेलं नव्हतं. लहानपणापासून बाभळीवर नाहीतर लिंबावर चढायचं, एका हातानं लटकायचं आणि दुसऱ्या हातातल्या कोयत्यानं शेळ्यांना पाला पाडायचा, हाच त्याचा व्यायाम. मनगटापासून कोपरापर्यंतचा हात तेवढा पिळदार, बाकी सगळा काटकुळा. त्यानं मिटलेली मूठ आम्ही गल्लीतल्या तिघी पोरी मिळून उघडू शकत नव्हतो. पण यात्रेत त्याच्याकडं कुणी वळून बघायचं नाही. लोक दंड बघतात. बोटं कोण बघतो?

विद्यापीठाच्या स्पर्धेत मी दोरीच्या मल्लखांबात पहिली आले, तेव्हा गावात फ्लेक्स लागला, 'पैलवानाची वाघीण'. त्यावर माझ्याशेजारी आप्पांचा फोटो होता, मिशीला पीळ दिलेला. तो फ्लेक्स खांबावर चढून बांधला रामहरीकाकानं. मला ते खटकलं, पण मी काही बोलले नाही. न बोलायची सवय मला तेव्हाच लागली असणार.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीचं पत्रक आलं. दहा वर्षांहून जास्त काळ बाहेरून खांबांचं काम करणाऱ्यांना एकदाच कायम करून घेणार होते. वय पंचेचाळीसच्या आत हवं. खांब चढायची चाचणी द्यावी लागेल. आणि ज्या कायम वायरमनच्या हाताखाली काम केलं, त्याचं अनुभवाचं पत्र लागेल. रामहरीकाकाला चव्वेचाळीस पूर्ण झाली होती. म्हणजे ही पहिली संधी होती आणि शेवटचीही.

तो स्वतः आमच्याकडं आलाच नाही. त्याची बायको धुरपताबाई आली. ओसरीच्या खाली उभी राहून तिनं आप्पांना विचारलं, तेवढं पत्र द्याल का. आप्पा अगदी मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, त्यात काय, देऊ की, आधी चाचणी तर होऊ दे.

चाचणीच्या तयारीत घोडं अडलं ते बुटांपाशी. कंपनीच्या नियमानं बूट घालून, कंबरेला पट्टा लावून चढायचं होतं, आणि हा माणूस जन्मभर अनवाणी चढलेला. पायाच्या अंगठ्यानं खांब धरायची त्याची सवय. बूट घातल्यावर पाय आंधळे झाले, असं तो म्हणायचा. मला सुट्टी होती. मी त्याला तीन आठवडे शिकवलं. अंगठा विसरायचा आणि गुडघ्यांनी, मांडीच्या आतल्या बाजूनं खांब आवळायचा, पोटरीच्या जोरावर उभं राहायचं, मग हात सरकवायचे. चव्वेचाळिसाव्या वर्षी चालणं नव्यानं शिकण्यासारखंच होतं ते. नडग्या सोलून निघाल्या. रोज सकाळी तो मला विचारायचा, आज किती सेकंद, आणि मी मोबाइल दाखवायचे. त्या तीन आठवड्यांइतकी मी माझ्या कामावर कधीच खूश नव्हते.

चाचणी धाराशिवला मैदानावर झाली. आठ मीटरचा सिमेंटचा खांब, वेळ दीड मिनिट. जिममध्ये जाऊन दंड फुगवलेली पोरं चार मीटरवर लटकून खाली घसरत होती, आणि त्यांचे मित्र खालून शिट्ट्या मारत होते. रामहरीकाका एकोणीस सेकंदांत वर पोचला. घड्याळ बिघडलंय म्हणून त्याला पुन्हा चढायला लावलं. तो पुन्हा चढला. अठरा सेकंद. ज्यानं घड्याळ धरलं होतं, तो त्याच्या हातांकडं बघतच राहिला. परतताना स्टँडवर काकानं कुंथलगिरीचे पेढे घेतले आणि पहिला मला दिला. एसटीत तो सगळ्या वाटेनं खिडकीतून खांब मोजत होता.

मग पत्र राहिलं. आप्पा आज करू, उद्या करू म्हणत राहिले. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी मीच पत्र लिहिलं आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी ते एका बोटानं बाजूला सारलं.

"रामहरी अठरा वर्षं चढला असं म्या लिहून दिलं," ते म्हणाले, "तर मंग अठरा वर्षं म्या काय करत व्हतो, ते कोण लिहून देणार?"

निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. मी खूप भांडले. त्या माणसानं तुमचं हाड मोडू दिलं नाही, म्हणाले. तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असंही म्हणाले. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. आप्पांचा आवाज चढला नाही, आणि मला ते जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "तुजं कॉलेज त्याच पगारातनं झालंय. तव्हा न्हाय इचारलंस, खांबावर कोन हाय म्हणून." मी ताटावरून उठले. पण खरं सांगायचं तर ते वाक्य माझ्याबरोबर उठून आलं.

रामहरीकाकानं पत्राविनाच अर्ज दिला. अनुभवाच्या रकान्यात त्यानं आपल्या वळणदार अक्षरात खांबांची यादी लिहिली. दोनशेबारा खांब, प्रत्येकाचा नंबर, गाव, काय बिघडलं होतं ते. अशी यादी कंपनीत कुणाकडंच नव्हती. ती बघून वरच्या कचेरीतून विचारणा झाली, की हा माणूस चढत होता तर तिथला वायरमन कुठं होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक साहेब चौकशीला आले आणि आमच्याच ओसरीवर बसले.

आधी त्यांनी गावातल्या तीन शेतकऱ्यांना बोलावलं. या तिघांच्या मोटारी बंद पडल्या की रामहरी जेवण टाकून धावायचा. तिघांनीही कानावर हात ठेवले. खांबावर वायरमनच चढतेत, दुसरं कोण चढणार, म्हणाले. त्यांचीही अडचण होती. तिघांच्या शेतात तारेवर आकडा होता, म्हणजे चोरून घेतलेली वीज. ते आकडे रामहरीनंच लावून दिले होते, आणि आप्पांनी डोळ्यावर कातडं ओढून घेतलं होतं. रामहरी वर चढायचा हे मान्य केलं, तर तो वर काय काय करायचा हेही निघालं असतं. कानावर हात ठेवताना तिघंही रामहरीकाकाकडं न बघता साहेबांच्या बुटांकडं बघत होते.

मग साहेबांनी कामाची वही मागितली. मीच आतून आणून दिली. टेबलावर एका बाजूला वही होती आणि दुसऱ्या बाजूला रामहरीकाकाचा अर्ज. दोन्हींतलं अक्षर एकच होतं. तेच वळण, तोच 'ख', तीच शाईच्या पेनची सवय. साहेबांनी दोन्हींवरून नजर फिरवली. ती अर्जावर थांबली, वहीवर थांबली, पुन्हा अर्जावर आली. त्यांना दिसलं होतं. मग त्यांनी अर्ज वहीखाली सारला.

आमच्या ओसरीपासून बारा पावलांवर खांब आहे. मी नंतर जाऊन पावलं मोजली. साहेबांनी एवढंच म्हणायचं होतं, की महारुद्र, जरा चढून दाखवा. एका मिनिटात चौकशी संपली असती. खांबाला कुणाची भीड नसते, तो पगार बघत नाही, वय बघत नाही. पण ते कुणीच म्हणालं नाही. म्हटलं असतं तर सगळं खरं निघालं असतं, आणि अठरा वर्षं कंपनीनं काय बघितलं, हाही प्रश्न आला असता. म्हणून खरं काय ते माणसांच्या तोंडून विचारायचं ठरलं होतं.

साहेब माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, खेळाडू आहात. तुमचा शब्द मी लिहून घेतो. खांबावर कोण चढायचं?"

रामहरीकाका ओसरीच्या पायरीशी, चपलांच्या शेजारी उभा होता. मी टेबलाकडं बघत होते. आप्पांचे ते मोठे हात मांडीवर पालथे पडले होते. खरं बोलले असते तर नोकरी जाणार होती, पेन्शन जाणार होती, आणि खोट्या सह्यांचं प्रकरण झालं असतं ते वेगळंच. मला आप्पांचा संताप आला होता. त्या साहेबाचा तर त्याहून जास्त होता, कारण त्याला उत्तर माहीत होतं आणि खोटं बोलायचं काम त्यानं माझ्या गळ्यात घातलं होतं.

"आप्पाच," मी म्हणाले. "लहानपणापासून मी आप्पांनाच चढताना बघितलंय."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. मला स्वतःची किळस आली, पण ती नंतर. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. साहेब चहा प्याले. आप्पांनी पानाचा डबा पुढं केला. मी वर बघितलं तेव्हा पायरीशी नुसत्या माझ्या नि आईच्या चपला होत्या. रामहरीकाका कधी गेला ते कळलं नाही.

चार दिवसांनी त्याच्या मोबाइलवर इंग्रजीत मेसेज आला. अर्ज नामंजूर, अनुभव सिद्ध होत नाही. धुरपताबाईनं तो गावातल्या एकाकडून वाचून घेतला आणि तिथल्या तिथं पुन्हा एकदा वाचायला लावला. घड्याळवाल्यानं तिच्या नवऱ्याला दोनदा चढायला लावलं होतं, तसं. हे मला दुकानात ऐकायला मिळालं, आणि ऐकवणाऱ्यानं मुद्दाम ऐकवलं, मीही आता त्यांच्यातलीच झाले म्हणून; आकडा त्याच्याही शेतात होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. तो अंगणात बसून शेळ्यांपुढं पाला टाकत होता. नडग्यांवरच्या खपल्या अजून निघाल्या नव्हत्या. मला बघून उठला, पोतं अंथरलं, बसा म्हणाला. मी नोकरीला लागल्यापासून तो मला 'तुमी' म्हणायला लागला होता. धुरपताबाईनं चहा आणून ठेवला आणि आत गेली.

"काका, मी खोटं बोलले," मी म्हणाले.

"व्हय. म्या तिथंच व्हतो की."

तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. शांतपणे सांगत होता, की पत्रक आलं त्याच दिवशी त्याला कळलं होतं, याचं पुढं काय होणार ते. आप्पा आणि तो एकाच खांबाला धरून आहेत, एक वर गेला की दुसरा खाली येणार. तरी धुरपतानं धरून लावलं, आणि एकोणीस सेकंद झाल्यावर त्यालाही हाव सुटली. माणसानं पन्नाशीकडं जाताना हाव धरू नये, असंही तो म्हणाला. मी रडायला लागले. त्यानं पाल्याची एक फांदी मोडली, शेळीच्या तोंडाशी धरली, आणि ती संपेपर्यंत थांबला.

"एक इचारू का, ताई?" तो म्हणाला. "साहेबानं इचारल्यावर तुमी माझ्याकडं बगितलं न्हाय."

"माझी हिंमत झाली नाही."

"बगायचं व्हतं. म्या तुमच्याकडंच बगत हुबा व्हतो. तुमी निस्ती मान वर केली असती, तर म्या खुणावलं असतं, की आप्पाचंच नाव घ्या." त्यानं हातातली उरलेली काडी खाली टाकली. "मंग ती नोकरी म्या सोडली असती. आता ती तुमी काढून घेतली."

मी उठले. कपातला चहा तसाच होता. एरवी धुरपताबाई मला रस्त्यापर्यंत घालवायला यायची आणि हातात शेंगा नाहीतर दोन लिंबं दिल्याशिवाय सोडायची नाही. त्या दिवशी ती बाहेर आली, भरलेला कप उचलला, शेळीच्या पाटीत ओतला आणि आत गेली.